रोटरी ओव्हनची पूजा

ओव्हनला घाबरण्याचा गुण आमच्या घरात फक्त माझ्याकडे आहे.

सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, बुवापाड्यात पावाची बेकरी टाकायचं ठरवलं आणि ओव्हन बघायला मला उल्हासनगरला नेलं. (मी आनंदनगरच्या एका कारखान्यात सेफ्टी कमिटीवर आहे. घाबरण्याचाच मला पगार मिळतो.) सिंधी शेठने एकेक सेकंडहँड माल दाखवला. डेक ओव्हन, मजल्यावर मजला. कन्व्हेक्शन, आत गरगरणारा पंखा. पिझ्झाचा कन्व्हेयर, एका बाजूने कच्चं आत, दुसऱ्या बाजूने भाजून बाहेर. तो बघून मला विद्युतदाहिनी आठवली!

"साईं, पाव के लिए रोटरी लो," शेठ म्हणाला. "ट्रॉली अंदर, दरवाजा बंद, गोल गोल घूमेगा!"

रोटरी म्हणजे गॅसवर चालणारं भलंमोठं लोखंडी कपाट. मी आत मावतो, हे शेठने मला आत उभं करून दाखवलं. सुनंदाने दार लोटून बघितलं आणि म्हणाली, "छान बसतंय." मला आतून घाम फुटला होता, आणि ओव्हन तर बंद होता!

ओव्हन आला. आईने पूजा मांडली. हळदकुंकू वाहिलं, ओवाळलं, सगळं यथासांग केलं. मी लांबून, दाराजवळून नमस्कार केला. मग सुनंदाने पावाच्या ट्रेंनी भरलेली ट्रॉली आत ढकलली आणि बटण दाबलं.

ट्रॉली फिरायला लागली. आणि आतून आवाज आला. ठक्... ठक्... ठक्...

"अगं, आत कुणीतरी आहे!"

"अहो, नवीन मशीन आहे. आवाज करणारच."

"सेकंडहँडला नवीन काय म्हणतेस? बंद कर ते!"

"पहिली भट्टी आहे माझी. पाव कच्चे काढू का?"

थोड्या वेळाने वास सुटला. केस जळाल्यासारखा. मी आधी स्वतःचं डोकं चाचपलं, मग आईचं बघितलं. दोन्ही शाबूत होती.

"गॅस गळतोय!" मी ओरडलो. "शांत राहा! रांगेत बाहेर पडा! कुणीही धावू नका!"

तेवढ्यात धडाम्!

पुढचं मला नीट आठवत नाही. आठवतं तेव्हा मी नाक्यावरच्या शेअर रिक्षात बसलो होतो. चप्पल नव्हती.

"चला, चला लवकर!"

"एक सीट बाकी आहे शेठ," रिक्षावाला तंबाखू मळत म्हणाला. "भरू द्या ना."

रिक्षा काही हलेना. मग मला बायकोची आठवण झाली. ती तर आतच होती! गॅसचा व्हॉल्व्ह ओव्हनच्या मागे, तो बंद करायला तीच जाणार. तिला काही झालं असेल तर? खरंच सांगतो, इतका मी ओव्हनलाही कधी घाबरलो नव्हतो. तसाच उतरलो आणि अनवाणी पळत सुटलो.

बेकरीत धूर होता. धुरात सुनंदा उभी होती, धडधाकट, हातात करवंटीचा काळा तुकडा घेऊन.

"आई, नारळ ओव्हनच्या आत ठेवला होतात?"

"पूजा ओव्हनची, मग नारळ काय बाहेर ठेवायचा?" आई म्हणाली. "ट्रॉलीच्या अगदी खालच्या ट्रेमध्ये ठेवला होता. फोडायचा राहिलाच बघ. बरं झालं, फुटला एकदाचा."

वरच्या ट्रेमधले पाव सोनेरी फुगले होते. पण सुनंदाचं तिकडे लक्षच नव्हतं. ती माझ्या अनवाणी पायांकडे बघत होती. तिचे डोळे भरून आले.

"अहो, इतके घाबरट तुम्ही! आणि माझ्यासाठी परत आत आलात?"

मी नम्रपणे मान खाली घातली. शेजारपाजारची मंडळी जमली होती. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली.

तेवढ्यात दारातून रिक्षावाल्याने हाक मारली, "ओ शेठ! सीट भरली! येताय ना?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सुनंदाही. ओव्हन एव्हाना थंड होत आला होता, पण तिचा चेहरा तापायला लागला होता.

मी गुपचूप रिक्षात जाऊन बसलो.