करंटमामांची समई

बंद पडलेल्या गाडीला करंटमामा आजारी समजत नसत, लबाड समजत. पांढरकवड्याबाहेर हायवेला त्यांचं वायरिंगचं दुकान होतं. ट्रक आला की आधी बोनेटवर थाप मारून ते दमात घ्यायचे, "बोल, काय खोटं बोलून राह्यली?" मग ड्रायव्हरला सगळी हकिगत विचारायचे. ती ऐकून झाली की पुन्हा पहिल्यापासून. "खोट्याले एकच कहानी दोनदा सारखी सांगता येत नाही," हे त्यांचं तत्त्व. ड्रायव्हर बिचारे गाडीच्या वतीनं गडबडायचे.

स्वतःची स्तुती ते स्वतःच करत. दुसऱ्यावर ते काम सोपवत नसत. "नागपूर ते आदिलाबाद, करंट मले घाबरते," असं म्हणताना झटका बसला, तरी वाक्य पूर्ण करूनच हात झटकायचे.

माझ्या बाबांचा ट्रक बिनक्लचचा, आपोआप गिअर बदलणारा. आमच्या बंजारा तांड्यात तसा तो एकच. ती हौस नव्हती. एकदा ट्रकवरून पडल्यापासून बाबांच्या डाव्या गुडघ्यात क्लच दाबण्याइतका जोर उरला नव्हता. चालवतील तर हीच गाडी, नाहीतर घरी बसतील. ज्यांच्या पूर्वजांनी बैलांच्या पाठीवर मीठ वाहिलं, त्यांच्यात घरी बसणं म्हणजे काय, ते आईच्या चेहऱ्यावर दिसायचं. मामांनी मात्र पहिल्याच दिवशी निकाल दिला होता, "भाऊ, तुमचा क्लच गेला, अन् गाडीले क्लचच नाही. जोडी जमली!" बाबा खदखदून हसले. मीही हसले, तोंड फिरवून.

त्या वर्षी बोंडअळीनं कापूस खाल्ला होता. भाडी आधीच कमी. त्यात ट्रक चालता चालता गिअर सोडू लागला. समोरच्या स्क्रीनवर न्यूट्रलचं अक्षर उमटायचं, इंजिन नुसतं ओरडायचं. थोड्या वेळानं सगळं आपोआप ठीक. नागपूरला कॉम्प्युटर लावून पाहिलं, काही सापडलं नाही. मामांच्या दारात तर गाडी अगदी साळसूद. शेवटी जिनिंगच्या शेठनं बजावलं, "अजून एकदा रस्त्यात थांबली, तर मी दुसरी गाडी पाहतो."

मामांनी फ्यूज पाहिले, सेन्सर पाहिले, वायरी ओढून पाहिल्या. मग म्हणाले, "हे इथं बोलणार नाही. इच्या संगं जा लागते." चपला काढून, मीटर घेऊन ते केबिनमध्ये चढले आणि मलाही बोलावलं.

"तिले काय समजते?" बाबा म्हणाले. "घरात दोन शब्द बोलत नाही."

"म्हणूनच त पाह्यजे. हे पोट्टी बोलत नाही, म्हणजे पाहतच असन. बस वं!"

'वर्गात बोलत नाही' हा शेरा माझ्या इंग्रजी शाळेनं दरवर्षी दिला होता. त्या दिवशी त्याच गुणावर मला काम मिळालं.

गॅरेजमध्ये लोक चपलांसकट केबिनमध्ये चढतात, म्हणून तिथं शिरतानाच बाबा डॅशबोर्डवरच्या देवापुढची लाइटची समई मालवून पडदा ओढायचे. घाटंजीच्या रस्त्याला लागल्यावर त्यांनी पडदा सारला, समई लावली. मामांचे डोळे मीटरमध्ये. एका खड्ड्यात समई मिचकली, आणि स्क्रीनवर न्यूट्रल. मी समईवरून नजर हलवली नाही. पुढच्या खड्ड्यात पुन्हा तसंच.

"मामा," मी म्हणाले, "आधी समई जाते."

मामांनी गाडी थांबवायला लावली आणि डॅशबोर्डखाली डोकं घातलं. बराच वेळ बाहेर नुसते पाय दिसत होते. गिअरच्या कॉम्प्युटरची अर्थिंग ज्या बोल्टला होती, त्याच बोल्टखाली समईची वायर कोंबलेली. त्यामुळे बोल्ट नीट बसलाच नव्हता; हादरा बसला की दोन्हींचा करंट तुटायचा.

"कोन्या गाढवानं केलं हे?" मामा आतून ओरडले.

बाबा हळूच म्हणाले, "मामा, समई तुमीच बसवलती. मागच्या दसऱ्याले. नारळबी तुमीच फोडला."

मग काजळलेलं कपाळ बाहेर आलं. "तरी म्हणतो, मले नाही सापडलं म्हणजे लपवणारा काही साधा नसन!"

समईला वेगळी वायर मिळाली. गाडीनं पुन्हा गिअर सोडला नाही, शेठनंही बाबांना सोडलं नाही. मामा मात्र ही गोष्ट हायवेभर सांगत सुटले. प्रत्येक वेळी ती थोडी वेगळी असायची. स्वतःच्याच कसोटीवर ते खोटे ठरले असते.

आता मामा नाहीत. दुकानाचं शटर खाली असतं. बाबा त्याच ट्रकनं तिथून जातात, कधी मी सोबत असते. पूर्वी त्या दारात ते समई मालवायचे, आता लावतात. शटरसमोरच्या खड्ड्यात चाक आदळलं की बाबा माझ्याकडे बघतात, मी समईकडे.

ती मिचकत नाही.