पोलादी पंखा, पितळेची पिन

मी लालबागच्या एका गिरणीत फिटर होतो आणि मला माझ्या हातांची भारी घमेंड होती. यंत्र बंद पडलं की साहेब इंजिनीयरच्या आधी मला बोलावतात, हे मी चाळीत ज्याला त्याला ऐकवायचो. काहींना तर दोनदोनदा. त्या घमेंडीपायी मी एका माणसाची होडी घालवली. ही गोष्ट मी त्याच्याखेरीज आजवर कुणाला सरळ सांगितलेली नाही. जेव्हा केव्हा विषय निघाला तेव्हा सगळा दोष समुद्रातल्या खडकावर ढकलून मोकळा झालो.

तो दादरच्या किनाऱ्यावरचा कोळी. होडी हाकणारा म्हणून सगळे त्याला तांडेल म्हणत, मीही तेच म्हणायचो. आमची ओळख संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात झाली. पोलिसांनी लाठ्या चालवल्या तेव्हा परळच्या नाक्यावर मी पाय अडकून पडलो होतो. माझ्या डोक्यावर येणारी लाठी या अनोळखी माणसाने स्वतःच्या उजव्या हातावर झेलली. पुढे दोघांना एकाच कोठडीत टाकलं. तिथे त्याचा हात टम्म सुजला होता आणि हा मला घोळ माशाचा कुठला तुकडा कसा शिजवायचा ते समजावत होता.

"तुमी गिरनीवाले मासा खाता," तो म्हणाला, "पन मासा तुमाला कलत नाय."

हाड नीट जुळलं नाही. त्या हाताने जाळं शिवता येई, पण वल्हं ओढता येईना. म्हणून त्याच्या बायकोने पाटल्या मोडल्या आणि एका पारशी बावाच्या सहलीच्या होडीवरचं जुनं मशीन घेतलं. होडीच्या मागच्या फळीला ते अडकवायचं आणि दोरी ओढून चालू करायचं. खाली पाण्यात फिरणारा तीन पात्यांचा पंखा होता, अ‍ॅल्युमिनियमचा. आमच्याकडे त्या धातूला जर्मन म्हणतात. घराघरात त्याची पातेली असत.

"आता ह्योच माजा हात," असं तांडेल त्या मशीनवर थाप मारून सांगायचा. ते ऐकलं की मला आत कुठेतरी टोचायचं. तो हात माझ्यापायी गेला होता.

एकदा हरताळामुळे गिरणी बंद होती म्हणून मी दादरला गेलो. तांडेल वाळूत बसून पंख्याचं वाकलेलं पातं लाकडी हातोड्याने सरळ करत होता. तिथल्या समुद्रात खडप, म्हणजे पाण्याखालचे खडक, फार. ओहोटीला पंखा घासायचा आणि पाती मुडपायची. जोराचा दणका बसला तर पंखा दांड्याशी जोडणारी बोटाएवढी पितळेची पिन तुटायची. मग मशीन नुसतंच गरगरायचं. तांडेल ते वर उचलायचा, नवी पिन घालायचा आणि पुढे निघायचा. अशा सात-आठ पिना त्याने तंबाखूच्या डबीत ठेवल्या होत्या.

मला हसू आवरेना. "अरे तांडेल, हे काय जर्मनचं पातेलं लावून दर्यात जातोस? थांब, तुला मी पोलादाचा पंखा करून देतो."

आमच्या गिरणीच्या रंगखात्यातली एक जुनी टाकी मोडीत निघाली होती. जाड स्टेनलेस स्टीलची. जॉबरला, म्हणजे आमच्या मुकादमाला, गोड बोलून मी तिचा एक पत्रा मिळवला. पाळी संपली की वर्कशॉपमध्ये थांबायचो. पाती कापली, तापवून वळवली, दांड्यावर बसणारा मधला तुंबा लेथवर कातला, सगळं वेल्ड करून घासलं. महिना गेला. पंखा असा झळकायला लागला की त्यात मिशा कोराव्यात. आयुष्यात इतक्या मनापासून मी दुसरं काही केलं नाही. लाठीची परतफेड करतोय असं मला वाटत होतं.

तो बसवायला गेलो तेव्हा तांडेलने डबी उघडून पितळेची पिन पुढे केली. मी खिशातून पोलादी पिन काढली, तीही मीच केलेली, चांगलं पाणी दिलेली.

"नको रं," तो म्हणाला. "बावानी सांगितलाय, पिन तुटली तर तुटू दे. ती तुटते म्हनून मशीन वाचतंय."

"बावाला काय कळतंय? फिटर तो का मी?"

त्याने पितळेची पिन परत डबीत टाकली. माझ्यावर त्याचा विश्वास होता. मी ती डबी त्याच्या हातातून काढून घेतली आणि म्हटलं, "ही आता मला दे. तुला लागायची नाही."

त्याच्या बायकोने पंख्याला कुंकू लावलं. पुढचे काही महिने होडी नुसती पळत होती. पाती खडकाला घासली तरी वाकेनात. तांडेल किनाऱ्यावर सगळ्यांना सांगत सुटला, आणि मला दर आठवड्याला त्याच्या जाळ्यातला सगळ्यात चांगला पापलेट मिळू लागला. मी तो चाळीतून मिरवत न्यायचो.

पावसाळा तोंडावर आला असताना ओहोटीला होडी खडपावर आदळली. पंख्याला काही झालं नाही, पिनही तुटली नाही. मग सगळा दणका मशीनच्या आत गेला. दुसऱ्या होडीने तांडेलला ओढत आणलं. निरोप मिळताच मी धावलो आणि वाळूवर मशीन खोललं. आतल्या चाकांचे तुटलेले दाते तेलाबरोबर माझ्या तळहातावर आले. ती पिन पितळेची का होती, हे मला त्या क्षणी कळलं, आणि आपल्याला हे आधीच सांगितलं होतं हेही आठवलं.

मी म्हणालो, "मशीनच जुनं होतं तुझं. आतून संपलेलं."

त्याने पंख्याची पाती बोटाने चाचपली. मग म्हणाला, "असंल." आणि पुढे, "तुज्या पंख्याला मातर काय झाला नाय."

ती शाबासकी आहे असं मी समजून घेतलं.

तसलं चाक बाजारात मिळत नव्हतं, परदेशी माल येणं अवघड झालं होतं. पण आमच्या वर्कशॉपमधला म्हातारा टर्नर नमुन्यावरून चाक कापू शकला असता. मला ते पक्कं ठाऊक होतं. फक्त त्याला विचारायचं म्हणजे चाक कसं तुटलं ते सांगायला हवं होतं. एवढा नावाजलेला फिटर, आणि याला पिन कशासाठी असते ते कळलं नाही, असं सगळं खातं म्हणालं असतं. मी विचारलं नाही. दादरलाही गेलो नाही. आधी जादा पाळीचं निमित्त केलं, मग सभांचं, मग पावसाचं. नारळी पौर्णिमा होऊन गेली, आणि लालबागच्या बाजारात एका कोळणीने सहज सांगितलं की तांडेलने होडी विकली.

पुढे महाराष्ट्राचं राज्य झालं. सगळ्या गिरणगावात रोषणाई झाली, लोक रस्त्यात नाचत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पेढ्यांचा पुडा घेतला, ती डबी खिशात टाकली आणि दादरला गेलो. तांडेल दुसऱ्या कुणाचं तरी जाळं दुरुस्त करत बसला होता. मी उभ्याउभ्याच सगळं बोलून टाकलं. चूक पिनेची होती, म्हणजे माझी होती.

त्याने सुई थांबवली नाही. "मना ठाव व्हता," तो म्हणाला. "दर्यातच पंखा वर काडून बगितला. पिन सरल व्हती."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हनून." त्याने गाठ आवळली. "नारली पुनवंपरयंत होडी कुनाला दिली नाय. बायको बोलत व्हती, इकून टाक. मी बोललो, थांब, फिटर येल. काय तरी करील."

मग त्याने एक पेढा तोंडात टाकला, एक बायकोला दिला, आणि मला बसायला गोणपाट सरकवलं. महाराष्ट्र झाला, हात फुकट नाय गेला, असं काहीतरी तो म्हणाला. मी मान हलवत राहिलो. खिशातली डबी मी चाचपत होतो, पण बाहेर काढली नाही. त्याच्याकडे आता मशीन नव्हतं, पिना घेऊन तो काय करणार होता? ती डबी अजून माझ्याकडेच आहे.