पोर कडेवर घेतली त्या दिवशी

देवीचा मला राग आला होता, हे आधीच सांगून टाकते, नाय तर पुढचं सगळं खोटं वाटंल. मी सातवी शिकलेली, लिहायची सवय नाय, एकदा बोलायला लागले की श्वास घ्यायचं बी भान राहत नाय, तसंच लिहिलंय, सांभाळून घ्या.

नाशिकच्या कडेला, मखमलाबादच्या शिवारात आमचा झेंडू अन् शेवंतीचा मळा हाय. माझी सोनी सतरा दिवसांची होती, मी बाळंतीण, शेकशेगडी चालू, अन् सकाळी एकदम छातीवर कोणी जातं आणून ठेवल्यासारखं झालं, डावा हात गळाला, घामानं साडी चिंब. घरच्यांना वाटलं वारं शिरलं, बाळंतिणीला शिरतं तसं, म्हणून अजून दोन निखारे घातले शेगडीत. मी पांढरीफटक पडले तेव्हा मालक घाबरले अन् फुलांच्याच टेम्पोत घालून मला शहरात मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक. माझं वय चोवीस. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, त्या डॉक्टरलाच म्हणाल्या, "अहो, तो म्हाताऱ्यांना येतो. तुम्ही नीट बघा पुन्हा." डॉक्टर म्हणाले, आजी, बाळंतिणीला बी येतो कधीकधी, क्वचित येतो पण येतो.

वाचले मी. सगळे म्हणाले देवीनं वाचवलं. पण मी घरी आले अन् खरं दुखणं तिथून सुरू झालं. छातीत काय बी दुखत नव्हतं, पण दिवसातून चार चार वेळा एकदम वाटायचं की आता मी मरते, आत्ता, याच घडीला. चुलीपुढं, हौदावर, फुलं तोडताना, कुठं बी. हातपाय गार, काळीज धडधड, श्वास पुरायचा नाय. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी दिलेली, छातीत दुखलं तरच ठेव म्हणाले होते. मी ती पदराच्या गाठीत बांधून फिरायची अन् भीती वाटली की ठेवायची. डोकं फुटायला यायचं, डोळ्यापुढं अंधारी यायची, मग मला वाटायचं बघा, हे मरणच आलंय, की दुसरी ठेवायची. कोणाला सांगितलं नाय. वर्षानं दवाखान्यात चालत्या पट्ट्यावर चालवलं, डॉक्टर म्हणाले हृदय चांगलं भरून आलंय, सगळी कामं कर. छातीत दुखतं का विचारलं. मी नाय म्हणलं. दुखत नव्हतंच.

अन् सगळ्यात वाईट काय केलं ते सांगते. सोनीला मी उचलायचंच सोडलं. अंगावरचं दूध तर दवाखान्यातच तुटलेलं. मला वाटायचं, ही माझ्या कडेवर असतानाच मी पडले तर? अन् दुसरं बी वाटायचं, ते त्याहून वाईट, की मी काय आज ना उद्या जाणार, मग हिला माझी सवय कशाला लावू. माझ्या थोरल्या जाऊबाईंनी तिला वाढवलं. पोर दोन वर्षांची झाली, बोलायला लागली, जाऊबाईंना आई म्हणायची अन् मला काकू. मी ओ द्यायची. तिनं पहिल्यांदा काकू म्हणलं त्या दिवसापासून मी देवीपुढं दिवा लावणं बंद केलं. म्हणलं, वाचवलंस तर अशी अर्धी कशाला वाचवलीस.

आमच्या घराण्यात लेकराचं जावळ सप्तशृंगीच्या गडावर काढतात. अन् रीत अशी की पहिल्या पायरीपासून देवीच्या पायापर्यंत लेकरू आईच्याच कडेवर पाहिजे, मधे दुसऱ्या कोणी घ्यायचं नाय, खाली टेकवायचं नाय. पाचेकशे पायऱ्या हायेत. मी पहिल्या वर्षी नाय म्हणलं. पोरीच्या केसांचा पार गुंता झाला, आत्या रोज तेल लावायच्या अन् मला ऐकू जाईल असं बोलायच्या, "अटॅक हिला आला अन् जटा पोरीला." तिसरं वर्ष लागलं तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं, "आता काढायलाच पाहिजे. तुला नाय जमत तर थोरली चढंल घेऊन. देवीला सांगू, आजपासून लेकराची आई हीच." जाऊबाई खाली बघत होत्या. मी म्हणलं, बरं. मनात म्हणलं, चला, पोरीची सोय झाली, आता मी मरायला मोकळी.

मंगळवारी एस.टी.नं गडावर गेलो. मालक नारळ, खण घेऊन पुढं. जाऊबाई सोनीला घेऊन त्यांच्या मागं. मी रिकाम्या हातानं, आत्या माझ्यासोबत. अर्ध्यावर आल्यावर वर बघितलं तर सोनी जाऊबाईंच्या खांद्यावरून माझ्याकडं बघत होती, अन् तिथंच मला ते झालं. पायरीवर बसले. एक गोळी ठेवली. मग दुसरी. पायऱ्या गरगर फिरायला लागल्या. तिसरी सोडत होते तेवढ्यात कोणीतरी माझं मनगट धरलं.

"काय चणे फुटाणे हायेत का गं हे?"

वर बघितलं तर एक जाडजूड बाई, नऊवारी नेसलेली, मिशरीनं दात काळे. चांदवडकडची, कांदावाली. मागं तिचा नवरा, काटकुळा, टोपी हातात घेऊन दम खात उभा. बाईनं आधी मला आडवं केलं, पाय वरच्या पायरीवर ठेवले, मग विचारलं गोळी कसली. मी सांगितलं. ती नवऱ्याकडं बघून म्हणाली, "अहो, या बघा, तुमच्या जातभाई भेटल्या."

त्या माणसाला दोन वर्षांपूर्वी अटॅक आलेला. तो माझ्याशेजारी बसला अन् हळू विचारायला लागला. "दुखतं कुठं? पाठीत? हातात?"

"नाय. नुसतं वाटतं आता मरते."

"रडू येतं?"

"येतं."

"मला बी यायचं. सहा महिने घराबाहेर नाय पडलो. दाढी नाय, अंघोळ नाय. वाटायचं गोठ्यातला बैल बी माझ्याकडं बघून हळहळतोय."

"बैल कशाला हळहळंल," बाई म्हणाली, "वैरण मी घालत होते त्याला. यांना शेवटी हाताला धरून मनाच्या डॉक्टरकडं नेलं. लोक म्हणले, नवरा येडा झाला. म्हणलं, आधी काय लय शहाणा होता?"

मला हसू आलं. तशी आडवी पडल्या पडल्या हसले, किती महिन्यांनी ते मला माहीत नाय. मग ती बाई एकदम गंभीर झाली, म्हणाली, "बाळ, हे तू तुझ्या डॉक्टरला सांगितलंस का? छातीचं नाय, हे." मी नाय अशी मान हलवली. "मग त्याला सपनात दिसणार हाय का? आधी जाऊन सांग. आमचं ऐकून औषध ठरवू नको, आम्ही कांदेवाले. पण सांग."

आत्या हे सगळं ऐकत उभ्या होत्या. मला वाटलं आता पायऱ्यांवरच माझा उद्धार होणार. त्यांनी वर बघून मालकांना हाक मारली, "ये रे खाली. थोरले, पोरीला घेऊन ये. आज जावळ नाय." मालक म्हणाले, आई, अर्धं चढलोय, देवीला काय सांगायचं? आत्या म्हणाल्या, "देवीला काय घाई हाय? ती कुठं गाडी चुकवणार हाय? लेकराची आई बरी झाली की येऊ." अन् माझ्याशेजारी बसल्या. एवढी वर्षं मी त्यांची सून, त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

चार दिवसांनी डॉक्टरांना सगळं सांगितलं. रडत, धापा टाकत, एका दमात. ते म्हणाले, अटॅक येऊन गेलेल्या किती तरी माणसांना असं होतं, भीती बसते, उदासी येते, तो बी आजारच हाय, अन् तो बरा होतो. गोळीचं ऐकून मात्र रागावले, म्हणाले, ती उगाच ठेवली की रक्ताचा दाब उतरतो, तुझं डोकं फुटतं अन् अंधारी येते ती त्या गोळीनंच. मनाच्या डॉक्टरीणबाईंकडं पाठवलं. त्यांच्या औषधाला गुण यायला महिनाभर लागला. त्यांनी सांगितलं, पोरीला आधी बसून मांडीवर घ्या, भीती येऊ द्या, ती चढते तशी उतरते, तुम्ही उठू नका. मग उभं राहून घ्या. मग दहा पावलं. आत्या ओट्यावर बसून पावलं मोजायच्या. शेजारणी विचारायच्या तर सांगायच्या, "येड्याच्या डॉक्टरचंच औषध हाय. तुला पाहिजे का?"

आठ महिन्यांनी पुन्हा गडावर गेलो. जाऊबाईंनी पहिल्या पायरीवर सोनीला माझ्या कडेवर दिलं. त्या रडल्या, मी बी रडले, त्यांचं काय तुटलं असंल ते मला कळत होतं. पोर वजनदार झालेली. मधे भीती आलीच. काळीज धडधडलं. मी थांबले, पण बसले नाय, पोरीला खाली टेकवलं नाय. सोनी माझ्या गळ्यावरचा घाम तिच्या फ्रॉकनं पुसत होती. ती भीती आली तशी उतरली अन् मी पुढची पायरी चढले. वर देवीचे ते मोठाले डोळे बघितले अन् काय मागायचं ते आठवलंच नाय. या खेपेला माझा भाऊ बी आला होता, मामा म्हणून त्याच्या मांडीवर जावळ झालं. सोनी आता आठवीला हाय. जाऊबाईंना आई म्हणते अन् मला बी आई म्हणते, हाक मारली की आम्ही दोघी ओ देतो.

आत्या म्हणतात, त्या दिवशी देवीच कांदावाली होऊन आली. मी म्हणते, देवी मिशरी लावंल का अन् नवऱ्याला एवढं बोलंल का? ती बाई खरीच होती. पण एवढ्या पायऱ्यांत ती माझ्याच पायरीला का थांबली, ते मी कोणाला विचारत नाय. मला एवढंच कळलं की देवीवर सोडायचं म्हणजे गप्प बसून सोसायचं नसतं. जे सांगायचं ते माणसांना सांगायचं, औषध घ्यायचं, अन् मी कधी मरणार ते तेवढं तिच्याकडं ठेवायचं. ते काम तिचं होतं, मीच उगाच दोन वर्षं करत बसले. सप्तशृंगी आई, देशील तेवढे दिवस तुझेच. मला ते पोटभर जगू दिलेस, हेच लय झालं.