व्हार्निश लावलेली बडगी

चुलतभावाच्या त्या गार्डन हॉटेलाचा मला राग आहे, आणि तो लपवायचं माझं वय राहिलेलं नाही. सावद्याच्या बाहेर, केळीच्या बागांना लागून ही त्याची पडीक जागा होती. जागा त्याची, पण वापर सगळ्या गल्लीचा. दोन कडूलिंबांच्या मध्ये व्हॉलीबॉलची जाळी बांधलेली असायची. थंडी पडली की तिथेच कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजायची आणि भरिताची पंगत बसायची.

आता तिथे कुंपण आहे. लिंबांना रंगीत दिव्यांच्या माळा गुंडाळल्यात. ज्याने जन्मात बैल धरला नाही त्याने दारात बैलगाडी उभी केली आहे, आणि भुसावळची मंडळी तिच्यावर चढून फोटो काढतात. आम्ही चेंडू घेऊन गेलो तर चौकीदाराने सांगितलं, ही पार्किंगची जागा आहे. मग मी आत जाऊन गिऱ्हाइकांसमोर भावाची शोभा केली. तेव्हापासून आमचा अबोला.

अबोला आमच्याकडे नवा नाही, पण तो मोडायची एक रीत होती. भाजलेली वांगी ठेचायला गल्लीची मिळून एक बडगी होती, अख्ख्या लाकडातून कोरलेली, होडीच्या आकाराची. ज्या दोघांचं वर्षभर वाकडं झालं असेल, त्यांना तिच्या दोन्ही बाजूंना बसवून हातात एकेक मुसळी द्यायची. एकाची मुसळी उठली की दुसऱ्याची पडली पाहिजे. ताल चुकला तर मुसळीवर मुसळी आपटते आणि सगळे हसतात. भरीत होईपर्यंत ताल जमतोच. मग दोघांनी एकाच पानावर जेवायचं, की भांडण संपलं. माफी कुणी मागत नसे.

ही बडगी भावाच्या शेडमध्ये ठेवलेली असायची. हॉटेल झाल्यावर ती भिंतीवर चढली. खाली दिवा, वर पाटी: आमचा वारसा. मी ते रस्त्यावरूनच पाहिलं आणि तिथेच थुंकलो.

यंदा पंगत माझ्या मळ्यात ठरली. गल्लीतले नाना स्वतः हॉटेलात गेले आणि बडगी मागून आले. भाऊ ती टेम्पोत घालून आला, खाली उतरवून बाजूला उभा राहिला. माझ्याकडे पाहीना. मीही पाहिलं नाही. नानांनी दोन मुसळ्या आमच्या हातात दिल्या.

"तोंडानं नका बोलू. हातानं बोला," ते म्हणाले.

बसलो. पहिले चार ठोके मी रागानेच घातले. वांग्यांच्या वाफा तोंडावर येत होत्या. हिरवी मिरची पडली, लसूण पडला आणि ताल जमला. लहानपणापासूनचा ताल, तो कुठे जाणार? भावाच्या केसांत पांढरं किती झालंय ते तेव्हा मला दिसलं. व्हॉलीबॉलात दुखावलेला त्याचा गुडघा कसा आहे, असं विचारायला मी तोंड उघडलंही होतं.

तेवढ्यात वास आला. भरितात पिवळट, चिकट पापुद्रे निघत होते. आधी मला वांग्याची साल वाटली. बोटाने उचलून पाहिलं तर व्हार्निश. भिंतीवर चकाकावी म्हणून त्याने बडगीला आतून-बाहेरून दोन हात मारले होते, आणि गरम वांग्यांनी ते सगळं सुटून आलं होतं.

"गिऱ्हाईकाले आवडते म्हनून लावलं व्हतं, भाऊ. गरम पान्यानं धुतली व्हती मी," तो म्हणाला.

"मग गिऱ्हाईकालेच खाऊ घाल," मी म्हणालो, आणि मुसळी टाकून उठलो.

भरीत खड्ड्यात पुरलं. ढोरांनाही घालवेना. नानांनी पुऱ्या नुसत्या ठेच्याशी वाढल्या. भाऊ जेवला नाही. बडगी टेम्पोत चढवताना मात्र त्याने एकदा मागे वळून पाहिलं. मी हात धूत राहिलो.

ती पुन्हा त्या भिंतीवर आहे. मी त्या रस्त्याने रोज मळ्यात जातो. तो गल्ल्यावर बसलेला असतो, मला पाहून अर्धा उठतो. माझेही पाय थांबतात, खोटं कशाला बोलू. पण पुढे काय करायचं ते दोघांनाही येत नाही. आमच्याकडे कुणी तोंडाने कधी भांडण मिटवलंच नव्हतं.