रेवसच्या लाँचवर पूर्ण झालेला तास

आज मुंबईत एका मोठ्या विद्यापीठात प्राध्यापकपदासाठी मुलाखत दिली. नमुना म्हणून तास घ्यायचा होता. मी चंद्रावर जेमतेम बोलायला लागले, तोच मुलाखत घेणारे "पुरे" म्हणाले. एकानेही प्रश्न विचारला नाही.

संध्याकाळी भाऊच्या धक्क्यावरून परतताना लाँचमध्ये आमच्या कोळीवाड्यातल्या बायका भेटल्या, मासळी विकून रिकाम्या पाट्या घेऊन निघालेल्या. सगळं ऐकून जनीमावशी म्हणाली, "मंग ऱ्हायलेला तास आमाला शिकव गो."

मी उभी राहिले. पाण्यावर चंद्र नुकताच वर येत होता. म्हटलं, "हा दरवर्षी आपल्यापासून किंचित लांब जातोय."

सगळ्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मग मावशीने हळूच विचारलं, "मंग भरती कमी व्हईल काय गो?"

रेवस आलं, तरी उतरायला कुणी उठेना.

मंडळी, तुम्हीच सांगा, मी आज प्राध्यापक झाले की नाही?