नवनाथची पुडी

माझा दादा, धम्मपाल, चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटावर वेल्डर आहे. बावीस वर्षांत त्याने ओव्हरटाइमला कधी नाही म्हटलं नाही आणि डॉक्टरला कधी हो म्हटलं नाही. गुडघे धरले, तेव्हा आळंदीला पुलाजवळ बसणाऱ्या एका माणसाकडून तो पांढऱ्या पुड्या आणू लागला. सकाळी एक पुडी पाण्यातून घेतली, की दिवसभर उभं राहायला मोकळा. दीड वर्षात त्याचा चेहरा गोल गरगरीत झाला. कस्तुरावहिनी कौतुकाने म्हणायची, "आता कुठे अंगाला लागायला लागलंय." मी पिंपरीतल्या एका लॅबमध्ये बारा वर्षं रक्त-थुंकी तपासते, तरी मीही मान डोलावली. त्याची लाज अजून जात नाही.

दादाला कुठलीही गोष्ट एकट्याने घेता येत नाही, हा त्याचा जन्माचा दोष. कंपनीच्या बसमध्ये त्याच्या शेजारी नवनाथ बसायचा. बीडकडचा, पत्रा दाबायच्या प्रेसवर काम करणारा. खिडकी नवनाथची, बाहेरची सीट दादाची, डबा दोघांचा. मग पुडीही दोघांची झाली. दर रविवारी दादा आळंदीला जाऊन आठवड्याच्या चौदा पुड्या आणायचा. नवनाथचाही चेहरा भरला. या जूनमध्ये त्याने बायकोला आणि सहा वर्षांच्या स्वरूपाला गावाहून आणलं, पोरीला चाकणच्या शाळेत घातलं. तब्येत चांगली आहे तोवर संसार मांडून घेतो, म्हणाला.

नंतर दादाला खोकला लागला. वेल्डिंगचा धूर म्हणून त्याने तीन आठवडे वेळ मारून नेली. शेवटी मीच थुंकीची डबी त्याच्या हातात कोंबली. शनिवारी रिपोर्ट आला, टीबी. डॉक्टरांनी त्याचा चेहरा पाहिला, दंडावरचे निळे डाग पाहिले आणि पुडीचं सगळं त्याच्या तोंडून वदवून घेतलं. त्यात स्टेरॉईड असणार, असं ते म्हणाले. टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि पुडीच्या जागी हळूहळू कमी करत न्यायची एक गोळी. कंपनीत दादाने ताप आलाय एवढंच कळवलं.

शुक्रवारी सकाळी मी त्याच्याकडे गेले. मास्क लावून तो गॅलरीत बसला होता.

"मिनल, पुडी गुडघ्याची, टीबी फुफ्फुसाचा. दोघांचा संबंध काय?"

"दादा, अंगात पहारेकरी पेशी असतात. त्या जंतूला गिळतात. पेशीच्या मधोमध केंद्रक असतं, तिथे रिसेप्टर काम करतात, म्हणजे हुकूम घेणारे. ड जीवनसत्त्व एकाला येऊन चिकटलं, की पेशी जंतू मारायचं सामान तयार करते. पण टीबीचा जंतू महाबिलंदर. गिळला गेला की आत बसून दुसऱ्याच रिसेप्टरला फितवतो. मग पेशी लढायचं सोडून चरबी साठवत बसते, आणि हा तीच चरबी खाऊन आत ठाण मांडतो."

"आणि पुडी?"

"स्टेरॉईडचाही रिसेप्टर आहे. त्याचा हुकूम एकच, गप्प बसा. गुडघा त्यानेच गप्प बसला. पहारेकरीही बसले. आणखी कुणाला दिल्यास?"

"फक्त नवनाथला. पण त्याची मी बंद केली," दादा घाईने म्हणाला. "रविवारी गेलोच नाही. सोमवारी फोन करून सांगितलं, पुडीवाला पळाला, आता मिळणार नाही. टीबीचं नाही बोललो. बसमध्ये कळलं तर कोण शेजारी बसेल? कंत्राटदार दुसऱ्या दिवशी घरी बसवेल."

मी उठून उभीच राहिले. "एकदम बंद? तुला डॉक्टरांनी हळूहळू कमी करायला का सांगितलंय, कळतंय का? इतके दिवस स्टेरॉईड बाहेरून आलं की शरीर आपलं आपण तयार करायचं विसरतं. एकदम तोडलं तर रक्तदाब कोसळतो. माणूस जातो, दादा!"

दादाने नवनाथला फोन लावला. उचलला स्वरूपाने. आई कामाला गेली होती.

"पप्पा उठत नाहीत," ती म्हणाली. "खोकतात आणि उलटी करतात."

मोशीच्या ट्रॅफिकमध्ये मी स्कूटर कशी काढली, आठवत नाही. मागे दादा एकच घोकत होता, "मीच मारला गं त्याला." मी त्याला गप्प बस म्हणाले नाही. मलाही तीच भीती होती.

नवनाथ खोलीत चटईवर पडला होता, ओठ सुकलेले, अंग घामाने गार. शेजारच्यांनी उचलून रिक्षात घातला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, रक्तदाब लागतच नाहीये, हा काय घेत होता? दादाने दाराकडे पाहिलं. नवनाथची खबर लागून कंपनीचा सुपरवायझर रविराज नेमका आत येत होता. मी दादाच्या पाठीत बुक्की घातली. त्याने खिशातून उरलेली एक पुडी काढून टेबलावर ठेवली आणि रविराजच्या देखत सगळं सांगितलं. आपल्या टीबीसकट. रविराज दोन पावलं मागे सरकला.

नवनाथला सलाईन लावलं, स्टेरॉईडचंच इंजेक्शन दिलं. दुपारी त्याने डोळे उघडले. स्वरूपा पलंगावर त्याला बिलगून बसली होती. दादाला पाहून त्याच्या जीवात जीव आला.

"भावा," तो म्हणाला, "पुडी आणलीस का?"

दादाने मास्क नाकावर ओढला. "पुडीनेच तुला झोपवलं, नवनाथ. ती मीच दिली. आणि मला टीबी झालाय. महिनाभर तुझ्या शेजारी बसून खोकत होतो. डॉक्टर तुझीही थुंकी तपासणार आहेत."

नवनाथला खोकला आला, तसं त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं आणि सलाईनच्या हाताने पोरीला पलंगावरून खाली लोटलं.

"लेकरू माझ्या कुशीत झोपतंय रे," तो म्हणाला.