डॉक्टरांचे गुडघे

जुन्या हुबळीतले आमचे हाडांचे डॉक्टर पेशंटच्या गुडघ्यावर तळहात ठेवून आधी डोळे मिटतात. मग प्रत्येकाला तेच सांगतात, "सांध्यातल्या कूर्चेत पाणी धरून ठेवणारे प्रोटिओग्लायकन असतात. ते कमी झाले की गादी चपटी होते. खाली मांडी घालून बसू नका." मी त्यांच्याकडे पेशंटचे नंबर लावतो, मला ते आता पाठ झालंय.

परवा अळणावरकडची एक म्हातारी आली. डॉक्टरांसमोर खुर्चीत कसं बसायचं, म्हणून ती फरशीवरच बसली. "वर बसा, अक्का," मी म्हणून पाहिलं, पण ती नुसती हसली. शेवटी डॉक्टरच खाली उतरले, मांडी घालून तिचा गुडघा तपासला. नंतर त्यांनाच उठवेना.

म्हातारी भिंत धरून उठली आणि त्यांच्यापुढे हात करत म्हणाली, "तुमचंबी माझ्यासारखंच की, अप्पा. तुमी कुणाला दाखवता?"